लालबागहून टोकियोला: रोजनिशीतली काही पानं

१९ मार्च २०२६, गुढीपाडवा

शोभायात्रेचे ढोल ठाकूरद्वारच्या पलीकडे गेले आणि दुपारी भाचा सहकुटुंब जेवायला आला. श्रीखंड पानात असतानाच त्याने फोन माझ्यापुढे धरला. मे महिन्यात जपान. पर्यटन कंपनी नको, सगळं स्वतः ठरवायचं. तो, त्याची बायको, दोन मुलं आणि वहिनी. वहिनी आजवर लालबाग आणि मालवण यांच्यापलीकडे फारशा गेलेल्या नाहीत. दादा असता तर तोच सगळ्यात आधी तयार झाला असता. गिरणीत असल्यापासून त्याच्या तोंडी जपानी मागांचं कौतुक होतं.

बेत वाचला. १ मेला निघायचं, आठ दिवसांत टोकियो, हाकोने, क्योतो, ओसाका, हिरोशिमा. मी म्हटलं, तिकिटं काढली नाहीस ना? नाही म्हणाला. बरं झालं. २९ एप्रिल ते मे महिन्याचा पहिला आठवडा म्हणजे तिथला ‘गोल्डन वीक’. शोवा दिन, संविधान दिन, हरित दिन, बालदिन अशा सुट्ट्या ओळीने येतात. यंदा ३ मे रविवारी आल्यामुळे ६ मेलाही बदली सुट्टी आहे. अख्खा देश गावाला निघालेला असतो. हॉटेलांचे दर चढलेले असतात, आणि शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनच्या सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाड्यांत त्या दिवसांत आरक्षणाशिवाय एकही जागा नसते. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी आणि त्यांचा हा आठवडा एकमेकांवर आदळतात, त्यामुळे मराठी कुटुंबांची ही चूक हमखास होते. ७ तारखेनंतर निघ, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. वहिनींनी लगेच साथ दिली. ५ मेला अंगारकी आहे, सिद्धिविनायकाला जाऊन आल्याशिवाय त्या विमानात बसणार नव्हत्याच.

२० मार्च

सकाळी दूध आणायला उतरले तर पालिकेच्या बायका कालचे कागदी पेले, पाण्याच्या बाटल्या, फुलं झाडून गोळा करत होत्या. काल माणसं कुंड्यांच्या बाजूलाच टाकून गेली होती.

टोकियोत रस्त्यावर कुंडीच सापडत नाही. आजच्याच तारखेला, २० मार्च १९९५ रोजी, ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी तिथल्या भुयारी रेल्वेत सकाळच्या गर्दीत सारिन हा विषारी वायू सोडला. डझनाहून जास्त माणसं गेली, हजारोंना बाधा झाली. त्यानंतर स्टेशनांवरच्या कुंड्या काढल्या गेल्या आणि बऱ्याच ठिकाणी त्या परत आल्याच नाहीत. शहर तरीही स्वच्छ आहे, कारण प्रत्येक जण आपला कचरा घरी नेतो. पेयांच्या यंत्राशेजारी भोकं असलेला डबा दिसतो, तो फक्त बाटल्या आणि डब्यांसाठी. मुलांना फोन करून सांगितलं: पाठीवरच्या बॅगेत एक रिकामी पिशवी कायम ठेवायची, आणि चालता चालता खायचं नाही. नातीने विचारलं, “मग कुठे खायचं, आत्याआजी?” जिथे घेतलं त्या दुकानासमोर उभं राहून. तिथे खाल्लं की वेष्टन दुकानदार परत घेतो.

२९ मार्च, रविवार

भाचा वही घेऊन आला. दोन तास नुसता हिशेब.

त्याला कोणीतरी सांगितलं होतं की रेल्वेचा पास घेतला की झालं. हा सल्ला जुना आहे. सात दिवसांचा पास पूर्वी २९,६५० येनला होता, ऑक्टोबर २०२३ पासून तो ५०,००० येनचा झाला. टोकियो ते क्योतो एका बाजूचं भाडं साधारण १४,००० येन. जाऊन-येऊनही पासाची किंमत भरून येत नाही, आणि टोकियोतला तुमचा निम्मा प्रवास भुयारी रेल्वेने होणार, तिथे तो पास चालत नाही. तेव्हा पास नको. हवं तेव्हा हवं ते तिकीट.

मग शहरं कमी करायला बसलो. हाकोने गेलं, ओसाका गेलं. हिरोशिमा काढताना त्याचा चेहरा उतरला. मी त्याला स्पष्ट सांगितलं, ती जागा पळत पळत बघायची नाही. सकाळी उतरायचं, संग्रहालयात पाऊण तास काढायचा, अणुबॉम्बमधून उरलेल्या घुमटाचा फोटो घ्यायचा आणि चारची गाडी पकडायची, असं तिथे जाऊ नये. मुलं मोठी झाली की त्यासाठीच जा. आता पाच रात्री टोकियो, तीन क्योतो.

तो म्हणाला, “आत्या, इतका खर्च करून जायचं आणि दोनच गावं?” त्याचं चूक नाही. मुंबईत आपण एका रविवारात परळला लग्न, दादरला खरेदी आणि गिरगावात आजारी माणसाची भेट उरकतो, आणि तेच शहाणपण समजतो. टोकियोत हे शहाणपण अंगाशी येतं. स्टेशनातल्या स्टेशनात दहा-दहा मिनिटं चालावं लागतं. लिफ्ट बहुतेक सगळीकडे आहे, पण प्रत्येक दारापाशी नसते, ती शोधत भलत्या टोकाला जावं लागतं. वहिनींचे गुडघे सकाळी अकरापर्यंत उत्तम असतात आणि दुपारी नसतात. एका दिवसाला शहराचा एकच भाग: आसाकुसा आणि उएनो एके दिवशी, मेइजी मंदिर आणि शिबुया दुसऱ्या दिवशी. दुपारी सगळ्यांनी बसायचं. मी हे लिहूनच दिलं, कारण तिथे गेल्यावर भाचा विसरेल.

५ एप्रिल, रविवार

लालबागला गेले. मिरची गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, वर्षाच्या मसाल्याचे दिवस. वहिनींनी बेडगी आणि संकेश्वरी निवडून डंकावर दिली होती. घरी गेले तर पलंगावर जपानला न्यायच्या वस्तूंची रास. चिवड्याचे पुडे, लाडू, पिशवीत ताजा कढीपत्ता, चिकनचं लोणचं आणि हापूसची पेटी ठेवायला रिकामी केलेली बॅग. शेजारणीचा मुलगा योकोहामाला असतो, त्याच्यासाठी.

“वन्सं, आंब्याला कोण नाही म्हणेल?” वहिनी म्हणाल्या.

जपान म्हणतं. फळमाशीच्या भीतीने आपल्या आंब्यावर तिथे वर्षानुवर्षं बंदी होती. ती २००६ साली उठली, तीही उष्ण वाफेची प्रक्रिया केलेल्या आणि तपासलेल्या मालापुरती. प्रवाशाने पेटी उचलून न्यायची सोय नाही. ताजी फळं, भाज्या आणि पानं सरकारी प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, कढीपत्ताही नाही. मांस तर कुठल्याच रूपात नाही, लोणचं असो की सँडविचमधला तुकडा. विमानतळावर कुत्री सामान हुंगत फिरतात. जे नेतोय ते अर्जावर लिहायचं आणि विचारलं तर दाखवायचं, लपवायचं नाही. चिवडा आणि लाडू राहिले.

औषधांचा डबा मी स्वतः उपसला. ही गोष्ट लोक सर्वांत हलकी समजतात आणि तीच सर्वांत गंभीर आहे. सर्दीच्या गोळ्यांतलं सुडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर असेल तर जपानच्या कायद्याने ते उत्तेजक द्रव्यांत मोडतं. कोडीनवालं खोकल्याचं औषधही तसंच अडचणीत आणतं. आपल्याकडे वेष्टन न वाचता दुकानातून घेतो त्या गोळ्या. वहिनींच्या रक्तदाबाच्या गोळ्या एका महिन्यापुरत्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बाकीचं भाचेसुनेने डॉक्टरांना विचारून ठरवायचं. तिने तिथल्या तिथे प्रत्येक पाकिटावरचे घटक वाचून यादी केली. या घरात प्रवासाचं खरं काम तीच करते आहे.

१२ एप्रिल, रविवार

मुलांना आणि वहिनींना घेऊन गिरगाव ते दादर भुयारी मेट्रोने गेले. ही मार्गिका क्र. ३ गेल्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पुरी सुरू झाली: ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. तिच्या बांधकामाला मोठं कर्ज जपानच्याच ‘जायका’ संस्थेने दिलं आहे. तालमीला याहून योग्य जागा कुठली!

सरकत्या जिन्यावर डावीकडे एकामागे एक उभं राहायचं, ही टोकियोची रीत. ओसाकात उजवीकडे. पण आता चालूच नका, दोन्ही बाजूंना स्थिर उभे राहा, असं तिथली प्रशासनंच सांगू लागली आहेत. साइतामा प्रांताने २०२१ साली आणि नागोया शहराने २०२३ साली तसा नियमच केला. वहिनींनी कठडा धरून उभं राहावं, कोणी मागून आलं तरी घाबरू नये.

दादरला वर येऊन रेल्वे स्टेशनच्या पुलावर गेलो. डिसेंबर २०२३ पासून इथले फलाट सलग १ ते १४ झाले, तरी अजून माणसं ‘मध्यचा एक नंबर’ विचारत फिरतात. मुलांना पुलावरून खालची गर्दी दाखवली. मुंबईकराला टोकियोची रेल्वे परकी नाही, हे मला मनापासून वाटतं. स्लो आणि फास्ट आपल्या रक्तात आहे. तिथेही एकाच रुळावरून सगळीकडे थांबणारी गाडी आणि स्टेशनं सोडणारी गाडी धावते. मात्र काही ‘तोक्क्यू’ म्हणजे मोजकेच थांबे घेणाऱ्या गाड्यांना वेगळं जादा तिकीट लागतं, ते फलकावर आधी बघायचं. कुठला डबा पुलापाशी येतो हे आपण पाठ करतो. तिथे फलाटावर तक्ताच लावलेला असतो. पाठीवरची बॅग पुढे घ्यायची, हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको.

विसरायचं ते वेगळं. गाडी थांबायच्या आत दाराकडे झेपावणं. एक स्टेशन आधीपासून पुढच्याला ‘दादर? उतरणार?’ विचारत पुढे सरकणं. दारात पाय रोवणं. टोकियोत माणसं दाराच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभी राहतात, उतरणारा शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत कोणी हलत नाही. दाराशी उभे असलेले स्वतः फलाटावर उतरून वाट देतात आणि पुन्हा चढतात. सीटवरून उशिरा उठलात तरी ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, म्हटलं की वाट मिळते. ढकलणारा तिथे एकटाच उठून दिसतो. डब्यात फोनवर बोलायचं नाही, आजीच्या तब्येतीची चौकशी करणारा मामाचा फोन आला तरी नाही.

नातवाला शिंजुकू समजावून सांगितलं. जगातलं सर्वांत गजबजलेलं स्टेशन, बाहेर पडायचे मार्ग दोनशेहून जास्त. चुकीच्या दाराने वर आलात तर पुन्हा आपल्या जागी यायला अर्धा तास जातो. म्हणून हॉटेलचं नुसतं स्टेशन विचारायचं नाही, दाराचा क्रमांकही विचारायचा आणि कागदावर लिहायचा. स्टेशनात पिवळ्या पाट्यांवर तो क्रमांक येतो, त्याच्या मागे मागे जायचं. चुकामूक झाली तर मुलांनी इकडे-तिकडे धावायचं नाही, तिकीटदारापाशीच्या कर्मचाऱ्याजवळ थांबायचं. हे त्याच्याकडून म्हणवून घेतलं.

भाड्याचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं, सुइका किंवा पास्मो; एका कार्डावर दोघं जाता येत नाही. नातू दहा वर्षांचा, त्याला अर्धं भाडं, पण मुलांचं कार्ड खिडकीवर पारपत्र दाखवून घ्यावं लागतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनवर हे कार्ड सहसा चालत नाही, तेव्हा भाच्याने फोनच्या भरवशावर राहू नये. आणि त्याने डब्याच्या दारावरची गुलाबी पाटी बघावी. महिलांचे डबे तिथेही आहेत, पण बहुतेक कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीपुरतेच, त्यामुळे दुपारी ज्या डब्यात बसला त्याच डब्यात सकाळी चालेल असं नाही.

१९ एप्रिल

जेवणाचं. आमच्या माहेरचे सगळे मासे खाणारे, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. पण वहिनी सोमवार आणि चतुर्थी पाळतात, आणि गोमांस घरात कोणीच खात नाही. सूप, नूडल्स, उकडलेली भाजी, कशातही ‘दाशी’ असते, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचं आणि समुद्रवनस्पतीचं पाणी. मांस नाही म्हणून सांगितलं तरी ते येतंच, कारण स्वयंपाक्याच्या लेखी ते मांस नव्हे. रामेनचा रस्सा बहुधा डुकराच्या हाडांचा, आणि तयार ‘करी’मध्ये गोमांसाची चरबी असू शकते. काय चालत नाही ते जपानी लिपीत छापून प्रत्येकाच्या खिशात ठेवायचं. सोमवारी उमेबोशी म्हणजे आंबट जर्दाळू भरलेला भाताचा गोळा, केळी, दूध. कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तिथे तसा भात मृताला ठेवतात. वहिनींना एकदा सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. पिंडाचा भात त्यांनी स्वतः रांधलेला आहे.

२४ एप्रिल

गरम झऱ्याच्या स्नानाचा विषय निघाला, भाचेसुनेला हौस आहे. तेव्हा माझं लक्ष वहिनींच्या हाताकडे गेलं. कोपराखाली तुळशीवृंदावन, मनगटावर ठिपके. माहेरी असताना गोंदलेलं.

जपानात गोंदण म्हणजे याकुझा टोळ्यांची खूण, असं अनेक पिढ्या चालत आलं, आणि म्हणून पुष्कळ स्नानगृहांत गोंदलेल्या माणसाला आत घेत नाहीत. २०१३ साली होक्काइदोत एका माओरी बाईंना त्यांच्या चेहऱ्यावरच्या परंपरागत गोंदणामुळे परत पाठवलं होतं, त्यावर पुष्कळ चर्चा झाली. तेव्हापासून काही जागा सैल झाल्या, काही नाहीत. मला ही गोष्ट आजही टोचते. आमच्या आयांच्या हातावरचं तुळशीवृंदावन दाराशी उभ्या असलेल्या मुलीला समजावून सांगायची पाळी वहिनींवर येऊ नये. म्हणून आधी फोन करून विचारायचं, किंवा कुटुंबापुरतं वेगळं कुंड तासाभरासाठी घ्यायचं. आत कपडे घालून जाता येत नाही हे ऐकल्यावर वहिनींनीच हात जोडले. पण भाचेसून जाईल, आणि वहिनी बाहेर बसणार असतील तर त्या स्वतःच्या मर्जीने बसतील.

३ मे, रविवार

रात्री वहिनींचा फोन. “वन्सं, तिथे देव कुठला?”

बराच वेळ बोललो. आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरातली करुणेची देवता कान्नोन हिची मूर्ती इसवी सन ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात आली, अशी कथा आहे. मालवणच्या बाईला ही कथा परकी वाटायचं कारणच नव्हतं. मग मी त्यांना आसाकुसाचा गणपती सांगितला. सेन्सोजीपासून थोडं उत्तरेला, नदीजवळच्या छोट्या टेकडीवर मात्सुचियामा शोदेन आहे. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणेश, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथे पोचलेला. त्याला मुळा वाहतात. पांढरा, लांब, मनगटाएवढा मुळा. मंदिरात जागोजागी मुळ्याची आणि पैशाच्या थैलीची नक्षी दिसते.

पण मूर्ती दिसत नाही. ती कायम झाकलेली असते, भक्तांना तिचं दर्शन होत नाही. हे वहिनींना आधीच सांगणं मला फार गरजेचं वाटलं. त्यांचं सगळं आयुष्य लालबागच्या राजाच्या रांगेशेजारी गेलं आहे. १९३४ पासून तो बसतो, आणि मुखदर्शनासाठी माणसं रात्र रात्र उभी राहतात. इतक्या लांब जाऊन पडदाच बघायला मिळाला तर त्यांचं मन खट्टू होईल, आणि भाचा कोणाला तरी मूर्ती दाखवा म्हणून गळ घालेल. ते तिथे घडू नये. मुळा वाहायचा, हात जोडायचे, गाभाऱ्याकडे फोन रोखायचा नाही.

वहिनी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आपण त्याला बघायला कशाला हवं? तो बघतो ना.” मला पुढे काही सांगावं लागलं नाही. चपला मात्र पायरीशी काढू नका म्हटलं. सेन्सोजीच्या देवळात माणसं पायताणासकट वर चढतात, आणि उलट साध्या खानावळीत चटईवर बसायचं असेल तर ती दाराशी काढावी लागतात. जमीन एक पायरी चढली आणि कडेला जोडे ठेवलेले दिसले की काढायचे. म्हणून बंदांचे बूट कोणीच नेऊ नयेत.

५ मे, अंगारकी

सिद्धिविनायकाची रांग आगर बाजाराच्याही पुढे गेली होती. भाचा आणि वहिनी पहाटे जाऊन आले.

९ मे, शनिवार

निघाले. शेवटच्या तासाला राहिलेल्या गोष्टी दारातच सांगितल्या. तिथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, तेव्हा लिफ्टमध्ये ‘२’ दाबलंत तर आपला पहिला मजला येतो. भेटायची जागा ठरवताना हे लक्षात ठेवा. विजेचा दाब १०० व्होल्ट, प्लगची दोन चपटी पाती. आपली गोल पिन बसत नाही. टॅक्सीचं मागचं दार चालकच उघडतो आणि लावतो, ओढू नका. बक्षिशी कोणाला देऊ नका, घेतली जात नाही आणि माणूस संकोचतो. पैसे हातात न देता काउंटरवरच्या तबकात ठेवा. थोडे येन रोख हवेतच, छोट्या खानावळी आणि देवळं कार्ड घेत नाहीत. पारपत्र कायम जवळ, तो तिथला कायदा आहे. पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९. भूकंपाचा इशारा फोनवर वाजला तर बाहेर पळायचं नाही, टेबलाखाली जायचं. रस्ता चुकलात तर कोपऱ्यावरच्या ‘कोबान’ चौकीत जा. ते तिथे वाट दाखवायलाच बसलेले असतात, पोलीस म्हणून बिचकू नका.

१३ मे, बुधवार

रात्री त्यांच्याकडून फोन आला. तिकडे साडेतीन तास पुढे, मुलं झोपली होती. उएनोच्या तळ्याकाठी दुपारभर बसले, तिथल्या बेन्तेनच्या देवळात गेले. बेन्तेन म्हणजे सरस्वती, हे वहिनींनीच नातीला सांगितलं. शोदेनला मुळा वाहून झाला. शिबुयाला एकदा चुकीच्या दाराने वर आले आणि बराच वेळ गेला, पण वहिनींना एका दुकानात बसवून भाचा एकटाच वाट शोधून आला. शहाणपणाचं केलं.

उद्या क्योतो. मोठ्या बॅगांचं विचारत होता. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेल्या बॅगेसाठी त्या शिंकानसेनमध्ये मागची खास जागा आधी आरक्षित करावी लागते, आणि पाच जणांत वहिनींचा हात धरायला एक मोकळा हवा. मी म्हटलं, बॅगा न्यायच्याच कशाला? हॉटेलच्या काउंटरवर ‘ताक्क्यूबिन’ या सामान पोचवणाऱ्या सेवेला दे, परवापर्यंत क्योतोच्या हॉटेलात पोचतात. वहिनींच्या गोळ्या, पारपत्रं आणि एका रात्रीचे कपडे मात्र हातातल्या पिशवीत. आणि जागा मागताना उजवीकडची ‘ई’ रांग माग, फुजी त्या बाजूला येतो, टोकियो सोडल्यावर साधारण पाऊण तासाने. दुपारकडे त्याच्यावर ढग उतरतात, म्हणून सकाळची गाडी घे. खिडकी आईंना द्यायची, हे भाचेसुनेने मागून मोठ्याने सांगितलं.